अमेरिकेने परत केलेला तास

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. उरायासु, जपान.

दुपारची भांडी आवरल्यावर गुरुनाथ काकांनी विचारले, "गुणवंत, तुला फुटबॉल कळतो का रे?"

मी खरे ते सांगितले. कोरेगावला आमच्या शाळेत एक फुटबॉल होता, पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात असायचा.

"मग शीक. महिना आहे हातात. आणि मग मला शिकव."

काकांचे हे हॉटेल चौदा खुर्च्यांचे आहे. काका मूळचे मिरजेचे, साचिको काकू इथल्याच. मी दीड वर्षापासून त्यांच्याकडे स्वयंपाकघरात आणि बाहेरही काम करतो. त्यांची एकुलती एक मुलगी, विभाताई, अमेरिकेत असते. ती तेरा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बापलेकीत बोलणे नाही. का नाही ते मी विचारलेले नाही. मला विचारायची सवय नाही.

काल विभाताईचा काकांना मेसेज आला. तेरा वर्षांत पहिला. काकांनी तो मला मोठ्याने वाचायला लावला, कारण त्यांना चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मी तसे म्हणालो तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

मेसेज असा: "बाबा, जुई आता आठ वर्षांची आहे. १५ मार्चला संध्याकाळी सातला आमच्या गावच्या संघाची या हंगामातली इथली पहिली मॅच आहे. खेळाडूंचा हात धरून मैदानात जाणाऱ्या मुलांमध्ये तिचा नंबर लागलाय. ती कॅमेऱ्याकडे बघून तुम्हाला हात हलवणार आहे. बघावंसं वाटलं तर बघा."

काकांनी मला तो तीनदा वाचायला लावला. मग तासभर विचार करून त्यांनी उत्तर पाठवले: ओके.

१६ फेब्रुवारी, रविवार

नियम वहीत उतरवून काढले. एकूण सतरा आहेत. बारावीला दोनदा बसलो तेव्हा एवढ्या नीट टिपा काढल्या असत्या तर पुढचे सगळे वेगळे झाले असते.

पुण्याचा अंबरीष जेवायला आला होता. तो इंजिनियर आहे आणि युरोपातले फुटबॉलचे सामने बघण्यासाठी रजा टाकतो. आम्ही अमेरिकेतली मॅच बघणार म्हटल्यावर त्याला ठसका लागला.

"अमेरिकेचा फुटबॉल? अरे गुण्या, ते लोक चेंडू काखेत घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात. आपल्या फुटबॉलला त्यांच्यात सॉकर म्हणतात, आणि तो लहान मुलांना दमवायला खेळवतात."

"आता तसं नाही," मी म्हणालो, कारण मी वाचले होते. विभाताईच्या गावात आधी बेसबॉलचे मैदान होते. बेसबॉलचा संघ गाव सोडून गेला. मैदान सहा वर्षे ओस पडले. मग फुटबॉलचा व्यावसायिक संघ आला. गाव चाळीस हजारांचे, आणि दर शनिवारी सहा हजार लोक येतात. पूर्ण हंगामाच्या तिकिटांसाठी प्रतीक्षा यादी आहे. विभाताई त्याच संघाच्या लहान मुलींना शिकवते.

"सहा हजार?" काका म्हणाले. "मिरजेत कुस्त्यांना जमायचं तेवढं माणूस."

"पुढच्या वर्षी वर्ल्ड कपही त्यांच्याकडेच आहे," अंबरीष म्हणाला. "येडे झालेत सगळे. द्या तो लॅपटॉप इकडं, काका, जोडून देतो."

संध्याकाळी मी काकांना ऑफसाइड शिकवले. काउंटरवर वाट्या मांडल्या. स्टीलच्या वाट्या आपल्या, चिनीमातीच्या त्यांच्या, लिंबू म्हणजे चेंडू. काका बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे सगळ्यांच्या पुढं जाऊन उभं राहिलं की शिट्टी."

"हो, काका."

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

काकू मोरीपाशी होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "पंच पण चुकतो कधीकधी."

काकूंना फुटबॉलमधले इतके कळते हे मला ठाऊक नव्हते. काकांनी वाट्या गोळा केल्या आणि शिकवणी तिथेच संपली.

२ मार्च, रविवार

वेळांचा तक्ता तयार केला. विभाताईचे गाव आपल्यापेक्षा पंधरा तास मागे आहे. तिकडे शनिवारी संध्याकाळचे सात, म्हणजे इकडे रविवारी सकाळचे दहा. मी तीनदा गणित केले. शिवाय आज त्यांचा सरावाचा सामना होता. तो तक्त्याप्रमाणे दहाच्या ठोक्याला सुरू झाला. म्हणजे तक्ता बरोबर आहे.

ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या तारखा घालून तक्त्याची स्वच्छ प्रत काढली, वर प्लास्टिक चढवले आणि फ्रिजच्या दारावर लावला. काकांनी चष्मा लावून सबंध वाचला. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." आतापर्यंत हे मला फक्त आईने सांगितले होते.

१६ मार्च, रविवार

जे झाले ते क्रमाने लिहितो.

काकू सकाळी सातला आल्या आणि त्यांनी शिरा केला. काका साडेनऊला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हा शर्ट ते परवान्याच्या कामाला सरकारी कचेरीत जाताना घालतात. त्यांनी केस भिजवून चापून बसवले होते. मी म्हणालो, "काका, जुईला तुम्ही दिसणार नाही. फक्त ती तुम्हाला दिसणार." ते म्हणाले, "मला माहितीये. तू तुझं काम कर."

अंबरीषही आला. पावणेदहाला लॅपटॉप उघडला. मैदान दिसले. खेळाडू आपापल्या बाकांकडे चालत होते. मी आनंदाने म्हणालो, "बघा, पंधरा मिनिटं आधी लावलं म्हणून सगळं बघायला मिळतंय."

अंबरीष पुढे वाकला. "गुण्या, एक-शून्य आहे."

"कसले एक-शून्य?"

"गोल झालाय. हाफ टाइम आहे हा. पंचेचाळीस मिनिटं होऊन गेली."

मी फ्रिजवरचा तक्ता पुन्हा बघितला. फोनमध्ये बघितले. शेवटी अंबरीषने कपाळावर हात मारला. "अरे, घड्याळं! गेल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासाने पुढं गेली. दर मार्चमध्ये जातात. मीही विसरलो."

"पुढं जातात म्हणजे?" काका म्हणाले. "कोण ढकलतं?"

"सगळेच, काका. उन्हाळ्याच्या उजेडासाठी. नोव्हेंबरात परत मागं घेतात."

"सबंध देश?"

"सबंध देश."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. मीही. भारतात घड्याळ कोणी हलवत नाही, जपानमध्येही नाही. घड्याळ भिंतीवर लावले की ते लावले. सगळ्या देशाने ठरवून तास सरकवायचा, असे असू शकते हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

रेकॉर्डिंग शोधले. ते चेंडू सुटल्यापासून पुढचे होते. मुले मैदानात येतात तो भाग त्यात नव्हताच.

काकांनी रागावायला हवे होते. ते शिऱ्याची वाटी हातात धरून उरलेली मॅच शेवटपर्यंत बघत बसले. शिरा तसाच राहिला.

अकरा वाजून गेले आणि फोन आला. जुईचा चेहरा. दोन दात पडलेले, गळ्यात संघाचा हिरवा मफलर. ती इंग्रजीत ओरडली, "आजोबा, मी दिसले का?"

काकांनी मान हलवली. "येस, येस. व्हेरी नाइस. आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"माझ्या हातात काय होतं ते वाचता आलं?"

काका माझ्याकडे बघायला लागले. काका म्हणाले, "हो... झेंडा. छान झेंडा."

जुई खाली वाकली. मग तिने एक कागद समोर धरला. त्यावर जाड, वाकड्या अक्षरांत, मराठीत लिहिले होते: आजोबा.

फोन विभाताईने घेतला. मी तिला पहिल्यांदाच पाहिले. कपाळ काकांचे आहे, डोळे काकूंचे. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, नाही बघितलं तर नाही म्हणायचं." आणि फोन बंद झाला.

काका शर्ट बदलून आले आणि कांदा चिरायला बसले. दोन किलो सांगितला होता. त्यांनी पाच किलो चिरला.

१७ मार्च, सोमवार

तक्ता फ्रिजवरून काढला.

२० मार्च, गुरुवार

चूक माझी आणि खोटे काकांच्या पदरी, हे मला सहन होत नाही. म्हणून जुईला पत्र लिहिले. इंग्रजीत लिहिले, प्रत्येक शब्द कोशात बघून. चार वेळा फाडून पाचव्यांदा. त्यात लिहिले की, तक्ता माझा होता, तुझ्या आजोबांचा काही दोष नाही. आमचे दोन्ही देश घड्याळ न हलवणारे आहेत. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसले होते. तुला वाईट वाटू नये म्हणून ते खोटे बोलले, आणि तेही त्यांना नीट जमले नाही.

पत्ता काकूंना विचारला. त्यांनी वहीतबिहीत न बघता एका दमात लिहून दिला, शेवटच्या पिनकोडासकट. त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. तो पत्ता मला ओळखीचा वाटला. काकू दर महिन्याला अमेरिकेतल्या एका मैत्रिणीला तांदळाच्या बिस्किटांचे पार्सल पाठवतात आणि मी ते पोस्टात टाकतो. ती मैत्रीणही त्याच रस्त्यावर राहते. जग लहान आहे.

४ मे, रविवार

जुईचे उत्तर आले. मोठ्या कागदावर दोन घड्याळे काढली आहेत, एकाला सूर्य, एकाला लोकरीची टोपी. खाली लिहिले आहे: "प्रिय गुणवंत, आईने सांगितलं की जपानमध्ये घड्याळ हलवत नाहीत. मला ते फार विचित्र वाटलं. मी तुझ्यासाठी नवा तक्ता केला आहे. मी दोनदा तपासला आणि बाबांनी एकदा. माझ्या बाबांचे बाबा बेसबॉलवाले आहेत. ते म्हणायचे की ज्या खेळात नव्वद मिनिटांत एक गोल होतो तो काय खेळ! आता ते ढोल वाजवतात आणि त्यांना जागेवरून कोणी उठवू शकत नाही. आजोबांना सांग, केस चापायची गरज नाही."

सगळ्यात खाली वेगळ्या अक्षरात एक ओळ मराठीत: पुढची मॅच १० तारखेला, तुमचे रविवारी सकाळी नऊ.

मी ते काकांना वाचून दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि ती शेवटची ओळ स्वतः वाचली. जुईचा तक्ता आता फ्रिजवर आहे.

१ जून, रविवार

आता दर रविवारी नऊला मॅच. अंबरीष दर वेळी म्हणतो की हा काही खरा फुटबॉल नव्हे, आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन बसतो. आज आमचा संघ हरला. (आमचा, असे लिहिले गेले. राहू दे.) काकांनी विभाताईला स्वतः मेसेज टाइप केला. एका बोटाने, दहा मिनिटे लागली: "डावीकडचा बचावपटू झोपला होता."

उत्तर लगेच आले. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले असतील. "तो नाही झोपला. त्याच्या पुढचा परत आला नाही. नीट बघा."

काकांनी दुसरा गोल तीनदा लावून बघितला. मग म्हणाले, "खरं आहे तिचं." अंबरीष म्हणाला, "काय सांगताय! तुम्ही कोणाचं खरं मानलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय." काका म्हणाले, "तू बिल दे आणि जा."

२४ जून, मंगळवार

आज मी एक भयंकर गोष्ट करता करता वाचलो.

नवा फ्रीझर येणार म्हणून काल मागची खोली रिकामी केली. अगदी मागच्या फळीवर, तांदळाच्या रिकाम्या डब्यामागे, कचऱ्याची एक जुनी पिशवी सापडली. तिच्यावर कचरा गाडीवाल्यांची लाल चिठ्ठी होती, रंग उडून गुलाबी झालेली: वर्गीकरण चुकले आहे, नेता येत नाही. आत खेळायचे बूट होते. कोणीतरी ते जळणाऱ्या कचऱ्यात टाकले होते, आणि तळव्यांना धातूचे स्टड, म्हणजे जमिनीत रुतणारे खिळे. साहजिकच गाडीने पिशवी नेली नसणार.

मला अशा गोष्टी अर्धवट राहिलेल्या बघवत नाहीत. मी पकडीने बाराही स्टड काढले आणि धातूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. आज सकाळी आठला धातूची गाडी यायची होती, म्हणून डबा कोपऱ्यावर ठेवून आलो. बूट जळणाऱ्या कचऱ्यासाठी बांधून ठेवले आणि काकूंना सांगितले की, कोणाची तरी जुनी चूक मी दुरुस्त केली आहे.

काकूंनी गाठोडे उघडले. मी त्यांना कधी खाली बसलेले पाहिले नव्हते. त्या फरशीवर बसल्या.

"स्टड कुठे?" एवढेच म्हणाल्या.

मी धावलो. गाडी कोपऱ्यावर उभी होती. मी माणसाला वाकून वाकून विनंती केली, त्याने डबा परत दिला, आणि मी फुटपाथवर बसून मोजले. अकरा. पुन्हा मोजले, अकरा. बारावा वाढायच्या एका वाकलेल्या डावाच्या खोलगट भागात सापडला.

परत आल्यावर काकूंनी सांगितले. बूट विभाताईचे. ती शाळेच्या संघात खेळायची. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जपानच्या मुली अमेरिकेला हरवून जगज्जेत्या झाल्या होत्या, आणि उरायासुतली प्रत्येक मुलगी चेंडू लाथाडत फिरत होती. विभाताईला अमेरिकेतल्या कॉलेजने खेळण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. काका म्हणाले, पोरीच्या जातीने लाथा मारून पोट भरत नाही, हॉटेल कोण बघणार? ती ऐकेना. एका सकाळी काकांनी बूट कचऱ्यात टाकले. ती शाळेतून आली, तिने बूट मागितले, काका म्हणाले, जळले. ती पंधरा दिवसांत गेली.

"पण जळले नव्हते," काकू म्हणाल्या. "दुपारी मी गेले तर चिठ्ठी लावून पिशवी तिथेच. यांना कचरा कधी नीट वेगळा करता आला नाही."

"मग तुम्ही काकांना सांगितलं का नाही?"

"तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी नीट वर्गीकरण करून परत टाकले असते."

"आणि विभाताईला?"

त्या बूट पुसत राहिल्या. "बूट टाकणाऱ्याने सांगायला पाहिजे."

मी स्टड हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले आहेत. काकू म्हणाल्या, डबी तुझ्यापाशीच असू दे. हे गुपित मला झेपेल की नाही, शंका वाटते.

१७ ऑगस्ट, रविवार

झेपते आहे. काकांसमोर मी हिंग हा शब्द उच्चारायचे टाळतो.

काका आणि विभाताई आता आठवडाभर मॅचवरून भांडतात. काका लिहितात, "पाच बचावपटू लावून खेळणं म्हणजे भित्रेपणा." ती लिहिते, "तुम्ही हॉटेलात एका वेळी किती भाज्या ठेवता? सात. तोही भित्रेपणाच." काका मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाज्या पाचच केल्या.

फुटबॉल सोडून त्यांच्यात एक अक्षर बोलले जात नाही. मला वाटते की त्यांना खेळ मनापासून आवडायला लागला आहे.

जुईने लिहिले आहे की तिच्या वर्गात आता बेसबॉलच्या टोप्यांपेक्षा हिरवे मफलर जास्त दिसतात, आणि शाळेने नवे मैदान आखले आहे, तरी खेळायला पाळी लावावी लागते.

२६ ऑक्टोबर, रविवार

संघ बाद फेरीत पोहोचला. काका टेबलावर चढले. काकूंनी त्यांना खाली उतरवले. पुढची मॅच तिकडच्या ८ नोव्हेंबरला.

२ नोव्हेंबर, रविवार

या वेळी मी गाफील नाही. आज अमेरिकेने घड्याळे तासाने मागे घेतली. मी अंबरीषला विचारले, जुईचा तक्ता बघितला, तीन वेगवेगळ्या ठिकाणी तपासले. पुढच्या रविवारी मॅच नऊला नाही, दहाला. मोठ्या अक्षरांत लिहून लावले आणि काकांना तोंडीही सांगितले.

"म्हणजे मार्चमध्ये घेतलेला तास त्यांनी परत दिला," काका म्हणाले.

"हो, काका."

"सगळ्यांना परत मिळतो?"

"हो. सबंध देशाला."

त्यांनी तक्ता पुन्हा एकदा वाचला. काकू मात्र त्यांच्याकडे बघत होत्या.

९ नोव्हेंबर, रविवार

एवढे लिहून, बोलून, तोंडी सांगूनही काका आज नऊची मॅच असल्यासारखे साडेआठलाच आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट. मी म्हणालो, "काका, दहाला आहे." ते म्हणाले, "मला माहितीये. तू तुझं काम कर."

काकू आधीच आल्या होत्या. शिऱ्याचा वास सुटला होता. काका बसल्यावर त्यांनी मागच्या खोलीतून ती पिशवी आणली आणि काउंटरवर ठेवली. गुलाबी पडलेल्या चिठ्ठीची बाजू वर.

काकांनी चिठ्ठी वाचली. तेरा वर्षांपूर्वीची तारीख आहे तिच्यावर. मग पिशवी उघडली. मी उगाचच पाण्याचे ग्लास भरत राहिलो, चौदाही भरले.

"नेली नव्हती," शेवटी काका म्हणाले.

"नाही."

"तू आणलीस."

"हो."

"आणि मी तिला जळले म्हणालो."

काकांनी बूट उलटे केले. "खिळे कुठायत?"

मी हिंगाची डबी समोर ठेवली आणि सगळे सांगून टाकले, जूनपासूनचे. मला वाटले की आज तरी ते रागावतील. त्यांनी डबी ओतली, बोटाने एकेक बाजूला करत मोजले, आणि म्हणाले, "बारा. शाब्बास. पकड आण."

काका स्टड बसवायला लागले. त्यांना हे काम येत नाही. ते पहिलाच तिरका घुसवत होते. इतक्यात फोन वाजला. नऊ वाजून चार मिनिटे झाली होती. विभाताई. मागे रिकाम्या खुर्च्या, दिवे नुकतेच लागलेले, दूर कुठेतरी कोणी ढोल वाजवून बघत होते.

"बाबा, बसलात का?" ती म्हणाली. "जुई तिच्या इकडच्या आजोबांबरोबर ढोल लावतेय. मी म्हटलं..." आणि मग तिला बूट दिसले.

काकांनी ते लपवले नाहीत. त्यांनी एक बूट उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. मग दुसऱ्या हाताने चिठ्ठी धरली.

"मी जळले म्हणालो होतो," काका म्हणाले. "नव्हते जळले. मलाही आजच कळलं. पण टाकले मीच होते. ते खरंय."

विभाताईने तोंडावर मफलर धरला. पडदा आकाशाकडे गेला, काळेनिळे आकाश, आणि तसाच राहिला. मला वाटले, फोन गेला. ढोलाचा आवाज येत होता, म्हणजे गेला नव्हता. काका हलले नाहीत. चिठ्ठी हातात, बूट हातात.

मग तिचा चेहरा परत आला. नाक लाल झाले होते. तिने बुटाकडे निरखून पाहिले.

"बाबा," ती म्हणाली, "लांब असतात ते मागे. टाचेला. तुम्ही पुढे लावताय."

काकांनी बूट उलटा करून बघितला. "पुढं आखूड?"

"पुढं आखूड. चार पुढं, दोन मागं. आणि आधी हाताने फिरवा, मग पकड. नाहीतर आटा जातो."

"थांब. हळू सांग. पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून सांगितले. एकेक. काका प्रत्येक स्टड बोटात धरून आधी तिला दाखवायचे, ती हो म्हणायची, मग ते बसवायचे. मधेच काकू जपानीत काहीतरी म्हणाल्या आणि विभाताई हसली. सहाव्यानंतर काकांनी विचारले, जेवलीस का? मला आठवते त्याप्रमाणे फुटबॉल सोडून त्यांच्यातला हा पहिला प्रश्न. ती म्हणाली, मॅच झाल्यावर. अकरावा बसेपर्यंत खुर्च्या भरत आल्या होत्या आणि तिला ओरडून बोलावे लागत होते. बारावा बसवायला काकांनी फार वेळ घेतला. तो तसा सहज बसण्यासारखा होता.

दहाला दोन मिनिटे असताना अंबरीष आला. "काय, झालं का सुरू?" असे विचारून तो सगळ्यांची तोंडे बघत उभा राहिला. मग त्याने स्वतःच शिरा वाढून घेतला.

मॅच आम्ही दोन-एक अशी हरलो. हंगाम संपला. काकांनी मेसेज पाठवला नाही, फोनच केला. बूट काउंटरवर, लक्ष्मीच्या फोटोखाली ठेवले आहेत. तळव्याला माती नाही हे मी तपासले.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. विभाताईने फोन बरोबर एक तास आधी केला. म्हणजे तिने जपानची वेळ अजून उन्हाळ्यासारखीच धरली होती. मार्चमध्ये मी जी चूक केली तीच, फक्त उलट्या बाजूने. पुढच्या हंगामात असे होऊ नये म्हणून मी नोव्हेंबरनंतरच्या वेळांचा वेगळा तक्ता करायला घेतला. आवरताना काकूंना म्हणालो, "विभाताईला ही एक प्रत पाठवू का?"

काकू शिऱ्याचे पातेले घासत होत्या.

"नको पाठवूस," त्या म्हणाल्या.